अफवा, यादी आणि मत

मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात चेन्नईच्या सेंट्रल स्थानकावर आणि कोइम्बतूर-तिरुप्पूरच्या फलाटांवर उत्तरेकडे निघालेल्या कामगारांची गर्दी उसळली होती. होळी ८ मार्चला होती. सणासाठी गावी जाणारे ह्या गर्दीत होते, तसेच जिवाच्या भीतीने निघालेलेही होते. तामिळनाडूत बिहारी कामगारांना हिंदी बोलतात म्हणून ठार मारले जात आहे, असा मजकूर जोडलेल्या चित्रफिती त्या दिवसांत मोबाइलवरून मोबाइलवर धावत होत्या. फलाटावरील गर्दीची छायाचित्रेच मग पलायनाचा पुरावा म्हणून पुढे धाडली जाऊ लागली. अफवेने भीती निर्माण केली आणि भीतीने अफवेला साक्षीदार मिळवून दिले.

ह्या चित्रफिती होत्या तरी कसल्या? एक राजस्थानातील जोधपूर येथे झालेल्या एका वकिलाच्या खुनाची होती. दुसरी कोइम्बतूरमधील स्थानिक टोळ्यांच्या वैरातून झालेल्या खुनाची होती. बिहारी कामगारांशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. तामिळनाडूच्या पोलीस महासंचालकांनी हा सारा प्रचार खोटा असल्याचे जाहीर केले. बिहार सरकारने चार अधिकाऱ्यांचे पथक तामिळनाडूत पाठविले. त्या पथकाने कामगारांशी त्यांच्याच भाषेत बोलून खात्री करून घेतली. परंतु तोवर बिहारच्या विधानसभेत गदारोळ होऊन गेला होता, काही हिंदी वृत्तपत्रांनी कथित हत्यांच्या बातम्या छापल्या होत्या आणि हजारो घरांतून ‘परत ये’ असे फोन गेले होते. खुलासा पोहोचेपर्यंत आरोपाने आपले काम उरकले होते.

ह्यात निवडणूक कोठे आली, असे कोणी विचारील. उत्तर काळानेच दिले. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बिहार विधानसभेच्या प्रचारसभेत खुद्द पंतप्रधानांनी, तामिळनाडूत द्रमुकचे लोक बिहारच्या कष्टकऱ्यांना त्रास देतात, असा आरोप केला. अडीच वर्षांपूर्वी ज्या भीतीचे बी पेरले गेले होते, तिची आठवण मते मागण्याच्या कामी आली. खोटी चित्रफीत विस्मरणात जाते. तिने मनात सोडलेला संशय मात्र राहतो आणि पुढच्या निवडणुकीत तोच व्याजासकट वसूल केला जातो. निवडणुकीचे संरक्षण ही आचारसंहितेच्या सहा-आठ आठवड्यांपुरती बाब आहे, हा समज म्हणूनच टाकून दिला पाहिजे.

दुसऱ्या बाजूनेही हात स्वच्छ राहिले, असे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधील साडेसहा लाख मतदार तामिळनाडूच्या यादीत घुसविले जाणार, असा आकडा फिरू लागला. पी. चिदंबरम ह्यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यानेही त्याचा उच्चार केला. वस्तुतः मतदारयादीची विशेष फेरतपासणी तेव्हा तामिळनाडूत सुरूही झालेली नव्हती आणि निवडणूक आयोगाने हा दावा फेटाळला. फेरतपासणीवर टीका करण्यास भरपूर आधार होता. तो हाती असताना निराधार आकड्याचा आश्रय घेतल्याने टीकेचे बळ वाढले नाही. उलट एक तामिळ मजूर आणि एक बिहारी मजूर ह्यांच्यामधील दरी मात्र रुंदावली.

जुने विष, नवी नळी

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. साठच्या दशकात मुंबईत ‘मार्मिक’ साप्ताहिकातून कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. ती नावे खरी होती; पण बेकारीचे कारण म्हणून ती समोर ठेवणे खोटे होते. त्या काळी ‘मद्रासी’ हा शब्द मुंबईत शिवीसारखा वापरला गेला. आज त्याच मद्रासच्या रस्त्यांवर बिहारी कामगाराच्या मनात भीती भरली जात आहे. परप्रांतीयाविषयीचा द्वेष आणि परप्रांतीयाची भीती ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. आणि दोन्हींमुळे कामगार कामगारापासून दूर जातो. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बाहेर पडलेली मराठी गलाई कुटुंबे तामिळनाडूसह देशभरच्या सराफ बाजारांत दोन-तीन पिढ्या राहत आहेत. जी अफवा आज बिहारी कामगारावर बेतली, ती उद्या त्यांच्यावर बेतणार नाही, अशी हमी कोण देणार?

अफवा माणसे मारते, हेही ह्या देशाने पाहिले आहे. मे २०१८ मध्ये तामिळनाडूच्या तिरुवन्नामलई जिल्ह्यात रस्ता विचारण्यासाठी थांबलेल्या एका वृद्ध स्त्रीला मुले पळविणारी समजून जमावाने ठार केले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांची तशाच संशयावरून हत्या झाली. दोन्ही ठिकाणी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आली होती. त्याच महिन्यात त्या कंपनीने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा भारतात घातली. ही मर्यादा आधी घालणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. ती घालण्यासाठी इतके बळी जावे लागले, ह्यातच सर्व काही आले.

तथापि यंत्राला शिव्या देऊन भागणार नाही. २०२३ सालच्या अफवेवर कामगारांनी विश्वास का ठेवला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ठेकेदाराच्या हाताखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, परक्या भाषेच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला आपला वाली कोणी नाही हे रोजच्या अनुभवाने माहीत असते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा बहुतांशी कागदावरच राहिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होताना तोही इतिहासजमा झाला. ज्याच्याकडे ना संघटना, ना नोंद, ना तक्रार ऐकणारा अधिकारी, त्याला मोबाइलवर आलेली भीती खरी वाटली तर दोष त्याच्या भाबडेपणाचा नाही. असुरक्षित जीवन ही अफवेची सुपीक जमीन होय.

मृतांचा आवाज, जिवंतांचा इन्कार

चेन्नईत ह्या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले आहे. एम. करुणानिधी ७ ऑगस्ट २०१८ रोजी निवर्तले. जानेवारी २०२४ मध्ये टी. आर. बालू ह्यांच्या आत्मचरित्राच्या प्रकाशन समारंभात ते पडद्यावर अवतरले, त्यांच्या परिचित आवाजात बोलले आणि पुत्राच्या राज्यकारभाराची त्यांनी प्रशंसा केली. महिन्याभरातच अण्णाद्रमुकने जयललिता ह्यांच्या जयंतीदिनी, म्हणजे २४ फेब्रुवारीला, त्यांच्या आवाजातील संदेश प्रसृत केला. जयललिता ह्यांचे निधन डिसेंबर २०१६ मध्ये झालेले होते. दोन्ही प्रकार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, उघडपणे आणि पक्षांच्या संमतीने झाले. त्यामुळे ह्यात फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. पण मृत नेत्याच्या तोंडी आजचे राजकारण घालण्याची मुभा एकदा घेतली की पुढची पायरी दूर राहत नाही. करुणानिधी किंवा जयललिता आज काय म्हणाले असते, हे त्यांच्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. आणि ते तर खुलासा करावयास येऊ शकत नाहीत.

ह्याहून गंभीर गोष्ट उलट दिशेची आहे. एप्रिल २०२३ मध्ये तामिळनाडूचे तत्कालीन अर्थमंत्री पळनिवेल त्यागराजन ह्यांच्या नावाने दोन ध्वनिफिती बाहेर आल्या. त्या बनावट असल्याचे त्यांनी सांगितले; विरोधकांनी त्या खऱ्या असल्याचा आग्रह धरला. तज्ज्ञांनी तपासल्या तेव्हा दोन्ही फितींविषयी सारखे निष्कर्ष निघाले नाहीत. सामान्य मतदाराच्या हाती काय उरले? ज्याला ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा होता, त्याने त्याच्यावर ठेवला. खोटे हुबेहूब बनविता येऊ लागले की खऱ्यालाही ‘बनावट’ म्हणून झटकता येते. लाच घेताना पकडलेला पुढारी उद्या हेच म्हणेल. बनावट चित्रफितीचा सर्वांत मोठा लाभ तिच्या निर्मात्यालाच होतो असे नाही. खऱ्या पुराव्याला घाबरणाऱ्या प्रत्येकाला तो होतो.

युरोपचा अनुभव हेच सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हाकियात मतदानाच्या दोन दिवस आधी, प्रचारबंदी लागू असताना, एका प्रमुख उमेदवाराच्या आवाजातील बनावट ध्वनिफीत पसरविण्यात आली. खुलाशाला वेळच उरला नाही. भारतातील लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ ने मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास शांततेचे ठरविले आहेत. ते विचार करण्यासाठी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांना ही शांतता ठाऊक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रुमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने समाजमाध्यमांतील छुप्या प्रचाराच्या कारणावरून अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली. मते लोकांनी दिली होती आणि ती न्यायाधीशांनी रद्द केली. रोगाने एक वेळ रोगी वाचला असता, उपचाराने तो दगावतो, अशी ही अवस्था आहे. प्रश्न आधी हाताळला नाही, तर शेवटी असेच कडवट पर्याय उरतात.

यादी कोणाच्या हाती?

अफवा सर्वांना सारखी सांगितली तर ती लवकर उघडी पडते. जो तो आपल्या शेजाऱ्याला विचारतो आणि खोटे पकडले जाते. परंतु कोणत्या बूथवरील कोणत्या मतदाराला काय ऐकवावयाचे, हे ठरविण्याइतकी माहिती हाती आली की खोटे गुपचूप घरोघर पोहोचविता येते. म्हणून यादी ज्याच्या हाती, त्याच्या हाती आधुनिक प्रचाराची किल्ली आहे.

ह्या दृष्टीने मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आलेले पुद्दुचेरीचे प्रकरण विसरता कामा नये. विधानसभेचे मतदान ६ एप्रिलला होते. त्याआधी पुद्दुचेरीतील मतदारांच्या मोबाइलवर संदेश येऊ लागले. त्यांत त्यांच्या बूथनिहाय व्हॉट्सअ‍ॅप गटात सामील होण्याचा दुवा होता. हे संदेश आधारशी जोडलेल्या क्रमांकांवरच येत आहेत आणि भारतीय जनता पक्षाच्या स्थानिक शाखेने ही माहिती मिळविली आहे, असा आरोप डीवायएफआय ह्या युवक संघटनेच्या पुद्दुचेरी अध्यक्षांनी याचिकेद्वारे केला. पक्षाने त्याचा इन्कार केला आणि क्रमांक कार्यकर्त्यांनी जमविल्याचे सांगितले. आधार प्राधिकरणाने आपल्याकडून माहिती फुटली नसल्याचे म्हटले. एकगठ्ठा संदेश पाठविण्यास आवश्यक ती पूर्वपरवानगी घेतली नसल्याबद्दल आयोगाने पक्षाकडे खुलासा मागितला. उच्च न्यायालयाने हा आरोप गंभीर आणि दखलपात्र मानून त्याचा छडा लावण्यास बजावले. मतदान मात्र ठरल्या दिवशी पार पडले. चौकशी निवडणुकीच्या मागून चालते, हा ह्या प्रकरणाचा धडा आहे.

नागरिकाच्या खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा करावयास २०२३ उजाडले, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातील बहुतेक महत्त्वाच्या तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. ह्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराला मात्र कात्री लावली. नागरिकाची माहिती इतरांना मिळू नये ही व्यवस्था सावकाश होत राहिली. सरकारची माहिती नागरिकाला मिळू नये ही व्यवस्था तत्परतेने झाली.

यादीतून माहिती चोरता येते, तशी यादीतील नावेही चोरता येतात. अक्कलकोटला लागून असलेल्या कर्नाटकातील आळंद मतदारसंघात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी मतदारांची नावे वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांपैकी केवळ २४ योग्य ठरले. उरलेले ५,९९४ फेटाळावे लागले. ज्यांच्या नावाने अर्ज भरले होते, त्यांना त्याची वार्ताही नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर याच्या उलट घडले. तेथे ६,८०० हून अधिक नव्या मतदारांच्या ऑनलाइन नोंदी संशयास्पद आढळल्या, त्या रद्द झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदविण्यात आला. दोन्ही ठिकाणी निवडणूक यंत्रणेने हे अर्ज अडविले, ही समाधानाची बाब होय. परंतु गुन्हा करणारे कोण आणि त्यांचा सूत्रधार कोण, हे मतदाराला वेळेवर कळले नाही, ही तितकीच असमाधानाची बाब होय.

आळंदचा प्रकार उघडकीस कसा आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोणत्याही संगणकाने तो पकडला नाही. एका बूथ अधिकाऱ्याला आपल्याच नातेवाइकाचे नाव वगळण्याचा अर्ज दिसला. ज्याच्या नावाने अर्ज होता, त्या शेजाऱ्याला विचारले तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले. माणूस माणसाला ओळखत होता म्हणून यंत्रातील खोटे सापडले.

भिंतीवर नाव, पडद्यावर अंधार

निवडणुकीचे पत्रक छापणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क पाठ असते. पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीने जाहीरनामा द्यावा. छपाईनंतर प्रत अधिकाऱ्यांकडे पाठवावी. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. पाचशे पत्रके छापणाऱ्या गरीब उमेदवारावर हे बंधन आहे. पाच लाख पडद्यांवर निनावी पानांवरून, भाडोत्री ‘प्रभावकां’च्या तोंडून किंवा बंद गटांतून जो प्रचार होतो, त्याचा मुद्रक कोण, प्रकाशक कोण, पैसा कोणाचा? काही कंपन्यांनी २०१९ पासून राजकीय जाहिरातींवर जाहिरातदाराचे नाव देण्याची पद्धत ठेवली. पण नाव देणाऱ्या संस्थेच्या मागे खरा धनी कोण, हे त्यातून कळतेच असे नाही. शिवाय ती कंपनीची मर्जी आहे, जनतेने केलेला कायदा नव्हे.

खर्चाचेही तेच. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा २०२२ साली घालण्यात आली. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. ज्याच्या तिजोरीत अधिक, त्याचा आवाज अधिक. आणि हा आवाज विकणाऱ्या मूठभर परदेशी मक्तेदार कंपन्यांचा नफा वाचकाच्या डोळ्यांवर अवलंबून असतो. राग आणि भीती डोळे पडद्यावर खिळवून ठेवतात. शांत खुलासा ठेवीत नाही. अफवा पसरावी अशी कोणा व्यवस्थापकाची दुष्ट इच्छा असण्याची गरज नाही. अफवेतून पैसा मिळतो एवढे पुरेसे आहे. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात ८ कोटी ७० लाख फेसबुकधारकांची माहिती राजकीय कामासाठी गेल्याचे उघड झाले, तेव्हाच हे जगाला कळून चुकले होते.

सत्याचे सरकारी खाते नको

तर मग सरकारनेच खरे-खोटे ठरवावे काय? केंद्र सरकारने २०२३ साली माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून, केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरविणारा आपलाच तपासणी कक्ष स्थापण्याचा अधिकार घेतला. लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्यानंतर, २० मार्च २०२४ रोजी, हा कक्ष अधिसूचित झाला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाल्यावर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर ह्यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. हा निर्णय स्वागतार्ह होता. आरोपी आणि न्यायाधीश एकच असू शकत नाही. तामिळनाडू सरकारनेही २०२३ मध्ये आपला तपासणी कक्ष काढला. केंद्राचा कक्ष धोक्याचा आणि आपल्या मित्रपक्षाच्या सरकारचा कक्ष निर्धोक, असा दुटप्पीपणा लोकशाहीवादी शक्तींना शोभणार नाही. सरकारने आपला खुलासा जरूर करावा. दुसऱ्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार त्याबरोबर घेऊ नये.

२०२३ च्या अफवाप्रकरणीही हेच दिसले. एका यूट्यूब वाहिनीचालकावर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावण्यात आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ती स्थानबद्धता रद्द केली. खोटेपणाबद्दल सामान्य कायद्याखाली खटला भरणे योग्यच होते. परंतु चौकशीविना डांबण्याचा जो कायदा आज अफवा पसरविणाऱ्यावर चालतो, तो उद्या संप करणाऱ्या कामगारावर चालतो, हे कामगार चळवळीला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने कृत्रिम मजकुरावर तशी खूण सक्तीची केली, हे ठीक झाले. त्याच वेळी आदेश मिळताच मजकूर काढण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणण्यात आली. तीन तासांत कंपनी सत्य तपासणार नाही. ती फक्त आज्ञा पाळील. आणि आज्ञा देणारा जर उमेदवारांच्याच पक्षाचा असेल, तर खोट्यापासून संरक्षणाच्या नावाखाली टीकेचाच गळा घोटला जाईल.

ह्यास्तव मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. कलम १२७-क चे तत्त्व पडद्यावरील प्रत्येक सशुल्क राजकीय मजकुराला लागू करा. खऱ्या देणाऱ्याचे नाव आणि रक्कम त्याच दिवशी जनतेसमोर ठेवा. पक्षांच्या खर्चाला कायदेशीर मर्यादा घाला. मतदारयादीतील नाव घालण्याच्या किंवा वगळण्याच्या प्रत्येक अर्जाची सूचना त्या मतदाराला घरपोच द्या आणि नाव वगळण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐका. वगळलेल्या नावांच्या याद्या कारणांसह प्रसिद्ध करा; बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६५ लाख नावांबाबत तसा आदेश दिला, तो सर्वत्र नियम व्हावा. सरकारी योजनांच्या लाभार्थींची माहिती प्रचारासाठी वापरणे हा निवडणूक गुन्हा ठरवा. निवडणूक काळात मजकूर काढण्याचा निर्णय सरकारपासून स्वतंत्र अशा अधिकाऱ्याने कारणे लिहून द्यावा आणि तो लोकांसमोर असावा. ह्या मागण्यांत कोणाचे तोंड बंद करण्याची भाषा नाही. तोंड कोणाचे आहे, एवढेच सांगण्याची मागणी आहे.

परंतु कायदा होईपर्यंत अफवा थांबणार नाही आणि कायदा झाल्यावरही ती आपोआप नाहीशी होणार नाही. म्हणून पक्षसभासदांची जबाबदारी निराळी आणि प्रत्यक्ष आहे. प्रत्येक शाखेने आपल्या बूथची यादी हाती घेऊन घरोघर पडताळावी. राजुरा आणि आळंद येथे जे घडले, ते आपल्या वस्तीत घडले तर ते सर्वप्रथम शाखेला कळले पाहिजे. परप्रांतीय कामगारांच्या वस्तीत त्यांची भाषा बोलणारा किमान एक कार्यकर्ता असला पाहिजे, आणि त्याची ओळख दंगलीच्या रात्री नव्हे, तर पगार थकल्याच्या दिवशी झालेली असली पाहिजे. आलेला संदेश तपासल्यावाचून पुढे पाठवू नये. हा नियम प्रतिपक्षाला झोंबणाऱ्या संदेशालाही तितकाच लागू आहे. किंबहुना तेथे तो अधिक कठोरपणे पाळावा, कारण तेथेच मोह अधिक असतो. आपल्या सोयीचे खोटे हेही खोटेच होय. ज्या दिवशी कामगाराला कळते की शाखेचा माणूसही हवे ते खपवितो, त्या दिवशी तो शाखेच्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवीत नाही. आणि मग त्याच्यापाशी अफवेवाचून दुसरा आधार उरत नाही.

चेन्नईतील ती अफवा अखेर विरली कशाने? कोणत्या यंत्राने ती पुसली नाही. हिंदीत बोलणारे अधिकारी कारखान्यांच्या दारांत गेले, पथकाने कामगारांच्या खोल्यांत जाऊन विचारपूस केली आणि कामगारांनी स्वतः घरी फोन करून ‘आम्ही सुखरूप आहोत’ असे सांगितले. होळी आटोपल्यावर कामगार परतू लागले आणि कामे पुन्हा सुरू झाली. पडद्यावरील अनोळखी चेहऱ्यापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द त्यांनी खरा मानला. तो शब्द खरा ठेवणे आणि तो वेळेवर पोहोचविणे हेच निवडणुकीच्या रक्षणाचे पहिले काम आहे. ते निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू शकत नाही.